संगणका, आधी विचार!

यवतमाळहून पुसदला जाणारी एस.टी. दारव्ह्याच्या स्थानकातून बाहेर पडते. नुकतेच चढलेले एक गृहस्थ कंडक्टरला म्हणतात, "दोन दिग्रस." कंडक्टर त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या लहान मुलाकडे एकवार पाहतो आणि विचारतो, "एक पूर्ण, एक अर्धे ना?" मागच्या बाकावरचा तरुण म्हणतो, "एक उमरखेड." कंडक्टर सांगतो, "ही गाडी पुसदपर्यंतच आहे. पुसदचे देऊ?" खिडकीशी पेंगत असलेला तिसरा प्रवासी नुसतेच म्हणतो, "दोन." "कुठली दोन, भाऊ?" असे विचारल्यावाचून कंडक्टर तिकिटाच्या यंत्राला बोट लावत नाही.

या दोन मिनिटांत कंडक्टरने तीन वेगवेगळ्या तपासण्या केल्या. पहिल्याची मागणी शक्य होती, पण शंकास्पद होती. म्हणून त्याने विचारून घेतले. दुसऱ्याचे गाव यादीत नव्हते. म्हणून त्याने नकार दिला, पण जवळचा पर्यायही सुचवला. तिसऱ्याची माहिती अपुरी होती. म्हणून तो थांबला.

आता कंडक्टरच्या जागी संगणक आहे अशी कल्पना करा. "तिकीट" ही झाली आज्ञा. "दोन" आणि "दिग्रस" ही तिच्याबरोबर दिलेली पूरक माहिती. हिला प्राचले म्हणतात. नेहमीच्या बोलण्यात पॅरामीटर. आज्ञा एकच असते, प्राचले दर वेळी बदलतात. आणि ती देणारा असतो माणूस. तो घाईत असतो, पेंगत असतो, कधी कधी खोडकरही असतो. संगणक मात्र स्वतःहून "कुठली दोन, भाऊ?" असे कधीच विचारत नाही. त्याला विचारायला लावावे लागते, आणि ते काम आज्ञा लिहिणाऱ्याचे.

"पण आज्ञा तर संगणकाबरोबरच येतात ना?" असे तुम्ही म्हणाल. काही येतात. संगणकावर एक काळी खिडकी उघडून तिच्यात आज्ञा लिहिता येतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. त्या खिडकीमागे आज्ञा वाचून अमलात आणणारी जी आज्ञावली असते तिला शेल म्हणतात. लिनक्सवरचे सर्वांत परिचित शेल म्हणजे १९८९ साली आलेले बॅश. त्यात फाइल दाखवणे, नक्कल करणे, पुसणे अशा तयार आज्ञा असतात. त्या एकापुढे एक जोडून आपल्याला हवी ती नवी आज्ञा कोणालाही बनवता येते आणि तिला मराठी नावही देता येते.

समजा, दिग्रसच्या एका शाळेत संगणकाची आवड असलेल्या एका शिक्षकांनी अशा तीन आज्ञा बनवल्या. "गुण" ही आज्ञा परीक्षेचे गुण नोंदवते. "पुसा" ही जुन्या वर्षाचे निकाल काढून टाकते. "नोंद" ही नव्या विद्यार्थ्याचे नाव-पत्ता लिहून घेते. प्रत्येक आज्ञा प्रश्न विचारते, बसलेला माणूस उत्तर टाइप करतो आणि काम होते. सरांनी पाच नावे घालून पाहिली. सगळे बिनचूक चालले. ते खूश झाले.

दहाव्या मुलाचे गुण आठव्याला

हजेरी क्रमांक नीट ओळीत दिसावेत म्हणून सरांनी ते ००१, ००२, ००३ असे लिहायला सांगितले (टाइप अर्थात इंग्रजी आकड्यांत करायचे). पहिल्या सात मुलांचे गुण व्यवस्थित नोंदले गेले. ००८ लिहिताच संगणकाने कुरकुर केली. ००९ लाही तेच. लिपिकाने दोन्ही नावे बाजूला ठेवली आणि ०१० लिहिले. ते मुकाट्याने घेतले गेले. फक्त ते गुण लागले आठव्या मुलाच्या नावावर!

हा चमत्कार नाही, गणित आहे. बॅशमध्ये संख्येच्या आधी शून्य असेल तर ती संख्या दशमान नव्हे, अष्टमान पद्धतीची समजली जाते. अष्टमानात ० ते ७ एवढेच अंक असतात, म्हणून ८ आणि ९ पाहताच शेल अडते. आणि ०१० म्हणजे "एक आठ आणि शून्य एकक", अर्थात ८. त्याच न्यायाने ०२० म्हणजे १६ आणि ०४३ म्हणजे चार आठे बत्तीस अधिक तीन, ३५. सरांनी चाचणी घेतली ती पहिल्या पाच जणांवर, आणि सातपर्यंत दोन्ही पद्धतींत संख्या सारख्याच लिहिल्या जातात!

यात जास्त वाईट काय, अडणे की न अडणे? ००८ वर संगणक अडला. कोणी तरी चौकशी करील. ०१० वर तो अडलाच नाही. न बोलता झालेली चूक थेट निकालपत्रकापर्यंत जाते.

अशा न बोलणाऱ्या चुका आणखी आहेत. परीक्षेला गैरहजर असलेल्या मुलापुढे पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत "एबी" अशी अक्षरे लिहितात. गुणांच्या जागी ती दोन अक्षरे टाकली आणि बॅशला बेरीज करायला सांगितली, तर ते त्यांना एखाद्या चलाचे नाव समजते. असा चल कोठेच नसतो, म्हणून त्याची किंमत शून्य धरते आणि बेरीज करून मोकळे होते. जागा रिकामी सोडली तरी शून्यच. म्हणजे आजारी पडून परीक्षेला न आलेली मुलगी, जिचे गुण अजून भरायचे राहिले आहेत तो मुलगा, आणि ज्याला खरोखरच शून्य मिळाले तो, तिघेही संगणकाच्या लेखी सारखेच नापास. "माहीत नाही" आणि "शून्य" या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून गणिताला हात लावण्यापूर्वी आज्ञेने पाहायचे: उत्तर रिकामे तर नाही? त्यात फक्त अंकच आहेत का? आधीची शून्ये काढून टाकली का? संख्या ० ते १०० च्या आत आहे का? गैरहजेरीसाठी एक ठरावीक खूण असावी आणि ती वेगळी वागवावी.

येथे आपल्या भाषेची एक खास अडचण येते. कोणी "४५" हे देवनागरी आकड्यांत टाइप केले तर? आपल्याला ते अंक दिसतात. बॅशच्या गणिताला दिसत नाहीत, ते चूक दाखवते. उलट पायथन ही संगणकभाषा देवनागरी ४५ ही संख्या म्हणून बिनतक्रार स्वीकारते. तेव्हा देवनागरी अंक दिसले की ते आपणच बदलून घ्यायचे. मराठी शाळेतल्या मुलाने मराठी आकडा लिहिला तर तो त्याचा दोष खचित नाही.

पुसण्याआधी

आता "पुसा" कडे वळू. ती विचारते, "कोणती तुकडी?" उत्तर मिळाले, "९अ". मग ती आपल्या पोटातली ओळ पुरी करते: "निकाल या फोल्डरातील ९अ पुसून टाक." घाईत असलेल्या माणसाने काहीच न लिहिता नुसते एंटरचे बटण दाबले तर? ओळ तयार होते: "निकाल या फोल्डरातील पुसून टाक." शाळेचे सगळे निकाल गेले! लिनक्सवर अशा आज्ञेने पुसलेली फाइल कचऱ्याच्या टोपलीतही जात नाही.

हे काल्पनिक उदाहरण वाटत असेल तर जानेवारी २०१५ मधली हकिगत ऐका. संगणकावरील खेळ विकणाऱ्या "स्टीम" या प्रसिद्ध सेवेची लिनक्ससाठी एक आज्ञावली होती. आपण कोणत्या फोल्डरात आहोत हे ती शोधून काढी आणि त्यातले सर्व काही पुसून टाकण्याची एक ओळ तिच्यात होती. एका वापरणाऱ्याने ते फोल्डर दुसरीकडे हलवले होते. शोध फसला, नावाची जागा रिकामी राहिली, आणि "या फोल्डरातले सर्व" ऐवजी "सर्वांत वरच्या फोल्डरातले सर्व" असा अर्थ झाला. त्याच्या स्वतःच्या साऱ्या फाइल गेल्या. जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्यासुद्धा. गंमत अशी की त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानेच इंग्रजीत "भीतिदायक!" अशा अर्थाची टीप टाकून ठेवली होती. भीती वाटली, पण जागा रिकामी आहे का हे पाहणारी एक ओळ लिहायची राहिली.

नुसती मोकळी जागासुद्धा घात करते. २०११ साली "बंबलबी" नावाच्या आज्ञावलीत पुसायच्या फोल्डराच्या पत्त्यात मध्येच एक मोकळी जागा पडली. शेल मोकळ्या जागेवर शब्द तोडते. त्यामुळे एका लांब पत्त्याचे दोन पत्ते झाले, आणि त्यातला पहिला होता संगणकाच्या अत्यावश्यक आज्ञा जेथे असतात ते संपूर्ण फोल्डर. आपल्या शाळेत "९अ" ऐवजी "९ अ" असे लिहिणारा कोणी ना कोणी भेटणारच. म्हणून प्राचल नेहमी अवतरणचिन्हांत ठेवतात. मग शेल त्याचे तुकडे करीत नाही.

तिसरा धोका जाणूनबुजून केलेल्या खोडीचा. शेलच्या भाषेत अर्धविराम म्हणजे "ही आज्ञा संपली, पुढची घे." कोणी "९अ" लिहून पुढे अर्धविराम आणि त्यापुढे स्वतःची एखादी आज्ञा लिहिली, आणि आपल्या आज्ञेने ते उत्तर जसेच्या तसे जोडून तयार झालेली ओळ पुन्हा शेलच्या हाती दिली, तर शेल दोन्ही आज्ञा पाळते. उत्तर देणाऱ्याचा हुकूम चालू लागतो! जगातल्या कित्येक संगणकांत परक्यांचा शिरकाव याच वाटेने झालेला आहे.

मग काय करायचे? अर्धविराम असेल तर नाकारायचे? पण दोन ठिपके लिहिले की "एक पायरी वरचे फोल्डर" असा अर्थ होतो. तेही नाकारावे लागेल. सुरुवातीला आडवी रेघ असेल तर काही आज्ञा तिला सूचना समजतात, तीही नाकारा. तारांकन आहे, डॉलरचे चिन्ह आहे, उलटे अवतरणचिन्ह आहे... "काय चालणार नाही" याची यादी कधी पुरी होत नाही, आणि जे सुटले तेच नेमके एक दिवस समोर येते.

कंडक्टर काय करतो ते आठवा. ही गाडी कोठे कोठे जात नाही याची यादी तो पाठ करीत नाही. गाडी जेथे थांबते त्या गावांची यादी त्याच्यापाशी असते. त्याबाहेरचे सारे नामंजूर. "पुसा" साठीही तेच: वर्ग ५ ते १० पैकी एक, तुकडी अ, ब, क, ड पैकी एक. सारी मिळून चोवीस उत्तरे. मधली मोकळी जागा किंवा रेघ काढून टाकल्यावर उत्तर या चोवीसांत असेल तर पुढे, नसेल तर थांब. रिकामे उत्तर, अर्धविराम, ठिपके, डॉलर यांचा वेगळा विचार करण्याचे कारणच उरत नाही.

आणि ही सगळी तपासणी कामाच्या आधी व्हायला हवी. अर्धे पुसून झाल्यावर "तुकडी चुकीची आहे" असे सांगणारी आज्ञा काय कामाची? उत्तर यादीत बसले तरीही एकदा विचारावे: "९अ मधील ४३ विद्यार्थ्यांचे निकाल पुसले जातील. नक्की?" तो ४३ चा आकडा मोलाचा आहे. पटसंख्या माहीत असलेला माणूस तो पाहून थबकतो. नुसत्या "नक्की?" ला सगळेच न वाचता "हो" म्हणतात.

रूप बरोबर, माहिती चूक

"नोंद" या आज्ञेत पिनकोड विचारलेला आहे. दिग्रसचा पिनकोड ४४५२०३. ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि ती सिद्ध करणारे डाक-तार खात्यातील अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित आणि कवी. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. ४४५ म्हणजे यवतमाळकडचा जिल्हा. शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. तेव्हा तपासणी सोपी: सहाच अंक, पहिला शून्य नको. शून्याच्या जागी इंग्रजी ओ हे अक्षर पडले असेल तर तेही येथे पकडले जाईल.

पण कोणी ४४५२०४ लिहिले तर? अंक सहा, सुरुवातही ४४५. सगळे नियम पाळलेले. फक्त तो पिनकोड पुसदचा आहे. ४४५२०२ लिहिला तर दारव्ह्याचा. रूप बरोबर असणे आणि माहिती खरी असणे यांत हे अंतर असतेच.

ते थोडे कमी करण्याची एक सुंदर युक्ती आहे, आणि तिची मराठी घरांत जुनी ओळख आहे: ताळा. गुणाकार बरोबर आला का हे पाहायला आपले आजोबा नवाचा ताळा पाहत. पण पिनकोडाला तो फारसा उपयोगी नाही. ४४५२०३ च्या अंकांची बेरीज १८ आणि शेवटचे दोन अंक उलटे झालेल्या ४४५२३० चीही १८! टाइप करताना शेजारचे अंक उलटे पडणे ही तर अगदी नेहमीची चूक. म्हणून प्रत्येक जागेला वेगळे वजन देतात. डावीकडून ७, ६, ५, ४, ३, २ अशी वजने घ्या:

४×७ + ४×६ + ५×५ + २×४ + ०×३ + ३×२ = ९१

आता ९१ मध्ये किती मिळवले की ११ ने भाग जाईल? ८. हा झाला तपासअंक. दिग्रसने आपला पिनकोड ४४५२०३८ असा सात अंकी लिहिला असे समजू. आता कोणी ४४५२३०८ लिहिले तर बेरीज १०२ येते, ११ ने भागून बाकी ३. चूक सापडली! शेवटचा ३ जाऊन ४ आला तर बेरीज १०१, बाकी २. पुन्हा सापडली. अकराच का? कारण ११ ही मूळ संख्या आहे आणि आपले अंक व वजने तिच्यापेक्षा लहान. एकच अंक बदलला तर बेरजेत पडणारा फरक ११ च्या पटीत येऊच शकत नाही. शेजारचे दोन वेगळे अंक उलटे झाले तरी नाही. हे तुम्ही स्वतः सिद्ध करून पाहा. दहावीपर्यंतचे बीजगणित त्याला पुरते.

एक अडचण मात्र आहे. दारव्ह्याच्या ४४५२०२ ची बेरीज ८९ येते आणि तपासअंक १०. तो एका घरात कसा मावणार? २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर दहा अंकी आयएसबीएन क्रमांक असे, त्यात हाच प्रश्न होता. तेथे अशा वेळी शेवटी "एक्स" हे अक्षर छापीत, रोमन दहा! घरातली जुनी पुस्तके उलटून पाहा, एखादे तरी सापडेल. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंकही तपासअंकच आहे. त्यासाठी याकोबुस वेर्हूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेली वेगळी रीत वापरतात. तिच्यात दहाचा प्रश्नच येत नाही.

खऱ्या पिनकोडात तपासअंक नाही. म्हणून "नोंद" ने पिनकोडापुढे गावाचे नाव दाखवून विचारावे: "४४५२०४, पुसद. बरोबर?" उत्तर "हो" असू शकते, मुलगा खरोखर पुसदचाच असेल.

नावाचे काय? येथे तपासणी करणाऱ्यांचा उत्साह जरा अतिच होतो. नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन शब्द हवेतच, असा नियम सरांनी घातला. मग आडनाव न लावणाऱ्या मुलीची नोंद होईना. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नावही लिहिण्याचा निर्णय घेतला आहे. ती मुले २०३० च्या सुमारास चार शब्दांची नावे घेऊन पहिलीत येतील आणि ही आज्ञा त्यांना दारातच अडवील. लांबीचा नियमही असाच फसवा. "दिग्रस" या शब्दाची लांबी किती? तुम्ही म्हणाल तीन: दि, ग्र, स. युनिकोडमध्ये ती सहा चिन्हे आहेत, कारण वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजतात. आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे अठरा. "नाव वीस बाइटांपेक्षा मोठे नको" हा नियम इंग्रजी नावाला ऐसपैस आहे. आपल्याकडे त्यात दिग्रसनंतर एक अक्षरही मावत नाही! नावाच्या बाबतीत रिकामे नाही ना एवढे पाहावे, ते अवतरणात जपून ठेवावे आणि बाकी मुलाच्या आईवडिलांवर सोडावे.

राहिला नकाराचा सूर. "चूक. पुन्हा लिहा." एवढेच म्हणणारी आज्ञा लिपिकाला वैताग आणते, तो तीच चूक तीनदा करतो. त्याऐवजी: "तुम्ही '९ज' लिहिले. तुकडी अ, ब, क किंवा ड असते. उदाहरण: ९अ." काय मिळाले, काय हवे होते आणि एक नमुना, तिन्ही एका ओळीत.

करून पाहा: आपल्या गावाच्या पिनकोडाचा तपासअंक वरच्या रीतीने काढा. आधी यवतमाळच्या ४४५००१ वर हात बसवा. तेथे ९ यायला हवा. मग मित्राला सात अंक सांगताना मुद्दाम एक चूक करा आणि तो ती पकडतो का पाहा. शेवटी एकदम दोन अंक असे बदला की चूक पकडलीच जाणार नाही. ते जमते, थोडे डोके चालवावे लागते इतकेच.